क्लाउडमधल्या सर्व्हरांचा सातबारा कोणाच्या हाती?

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने तासाला दहा सेंट या दराने सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. तोवर नवा सर्व्हर म्हणजे खरेदीचा प्रस्ताव, दरपत्रकं, मंजुरी, मग खोका येणार, रॅकमध्ये बसणार, वायरिंग होणार. त्यात महिना-दोन महिने सहज जायचे. आता वेबपानावर चार-पाच बटणं दाबली की काही मिनिटांत यंत्र हजर. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई रीजन सुरू झालं आणि ही सोय आपल्या दाराशी आली.

बटणं दाबून एक सर्व्हर उभा करता येतो, दोनशे नाही. म्हणजे करता येतात, पण कोणी कधी कोणतं बटण का दाबलं, याची नोंद कुठेच राहत नाही. ज्याने सगळी मांडणी केली तो नोकरी सोडून गेला की मागे राहिलेल्यांना फायरवॉलचा एक नियम काढायचीही धास्ती वाटते. चाचणीसाठी त्याच मांडणीची हुबेहूब दुसरी प्रत हवी असेल, तर ती कोणाच्या तरी आठवणीवर उभी राहते.

२०११ मध्ये ॲमेझॉनने यावर क्लाउडफॉर्मेशन नावाचं उत्तर काढलं. हवी ती मांडणी फाइलमध्ये लिहा, बाकीचं आम्ही पाहू. पण ते फक्त ॲमेझॉनपुरतंच होतं. मिचेल हाशिमोतो या तरुण प्रोग्रॅमरने तेव्हाच लिहिलं होतं, की असंच एखादं मुक्त साधन हवं, जे कोणत्याही क्लाउडवर चालेल. ते कोणी तरी करेल म्हणून तो थांबला, पण कोणी केलं नाही. मग वॉशिंग्टन विद्यापीठातला मित्र आर्मन डॅडगर याच्यासोबत २०१२ मध्ये त्याने हॅशिकॉर्प ही कंपनी काढली आणि जुलै २०१४ मध्ये टेराफॉर्मची पहिली आवृत्ती बाहेर आली. तिचा परवाना होता मोझिला पब्लिक लायसन्स. कोड वाचा, बदला, वाटा, त्यावर धंदाही करा, अशी मुभा त्यात होती.

टेराफॉर्मच्या फाइलमध्ये कसं करायचं ते लिहीत नाहीत, काय हवं ते लिहितात. मुंबई रीजनमध्ये सहा सर्व्हर, त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर, मागे डेटाबेस. यातलं काय आधी आणि काय नंतर, हे साधन स्वतः ठरवतं. नेटवर्कशिवाय सर्व्हर उभा राहत नाही, म्हणून नेटवर्क आधी. ज्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्या एकाच वेळी. सहाचे आठ केले, तर फक्त दोन नवे सर्व्हर येतात, जुन्यांना हात लागत नाही. तीच फाइल पुन्हा चालवली, तर काहीच घडत नाही, कारण जे हवं ते आधीच आहे. आणि प्रत्यक्ष बदल करण्याआधी 'प्लॅन' समोर येतो. इतकं वाढेल, इतकं बदलेल, इतकं पाडलं जाईल. अनुभवी इंजिनिअर त्यात आधी डेटाबेसची ओळ शोधतो. तिथे 'पाडून नव्याने बांधणार' असं दिसलं, तर तो तिथेच थांबतो. ही एक सवय लागली, तर कितीतरी अनर्थ टळतात.

हे सगळं जमतं ते 'स्टेट फाइल'मुळे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, तसा हा या सर्व्हरांचा. कोणतं यंत्र कोणत्या क्रमांकाचं, कोणाला जोडलेलं, शेवटी काय स्थितीत होतं, हे त्यात उतरवलेलं. कोणी परस्पर वेबपानावरून बदल केला, तर नोंद आणि जागेवरची वस्तुस्थिती यांत फरक पडतो आणि पुढच्या प्लॅनमध्ये तो उघडा पडतो. दोघांनी एकाच वेळी हात घालू नये म्हणून या फाइलला कुलूप लावायची सोय आहे. वर्षानुवर्षं एक गोष्ट मात्र खटकत राहिली. डेटाबेसचे पासवर्डसुद्धा या फाइलमध्ये उघड्या अक्षरांत साठत. त्या मजकुराला टेराफॉर्मनेच कूटबद्ध करावं, ही वापरणाऱ्यांची जुनी मागणी होती.

टेराफॉर्मची खरी ताकद हॅशिकॉर्पने लिहिलेल्या गाभ्यापलीकडे आहे. प्रत्येक क्लाउडशी बोलणारा एक 'प्रोव्हायडर' लागतो आणि असे हजारो प्रोव्हायडर जगभरातल्या लोकांनी लिहिले. क्लाउड कंपन्यांनी लिहिले, छोट्या डीएनएस सेवांनी लिहिले, फावल्या वेळात एकट्यादुकट्याने लिहिले. पुस्तकं निघाली, प्रशिक्षणवर्ग निघाले. नोकरीच्या जाहिरातींत हे नाव हटकून येऊ लागलं. हे साधन मुक्त आहे आणि मुक्तच राहील, याच भरवशावर लोकांनी आपले तास त्यात घातले.

१० ऑगस्ट २०२३ रोजी हॅशिकॉर्पने जाहीर केलं, की यापुढच्या आवृत्त्या बिझनेस सोर्स लायसन्सखाली निघतील. कोड वाचता येईल, स्वतःच्या कंपनीत वापरताही येईल, पण हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणारं उत्पादन त्यावर उभारता येणार नाही. प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी पुन्हा मोझिला परवान्याखाली जाईल. बाहेरच्यांनी दिलेला कोड कंपनीला असा नव्या परवान्यात नेता आला, कारण कोड देताना प्रत्येकाने एका करारावर सही केली होती आणि तशी मुभा त्या करारातच होती. तो करार नीट वाचणारे थोडेच असतील.

कंपनीची बाजू पोकळ नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली होती, तोटा सोसत होती. दुसरे लोक आपल्या कोडवर धंदा करतात आणि परत काही देत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. गाभ्यावर काम करणाऱ्या बहुतेक इंजिनिअरांचा पगार तीच देत होती, हेही खरं. तरीही मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो. स्पर्धा कशाला म्हणायचं, हे ठरवणं त्याच कंपनीच्या हाती राहिलं, आणि आज स्पर्धक नसलेला उद्या ठरू शकतो. शिवाय हजारोंच्या श्रमाने वाढलेल्या गोष्टीचे नियम एका संचालक मंडळाने बदलले, त्या हजारोंना न विचारता.

टेराफॉर्मभोवती सेवा विकणाऱ्या स्पेसलिफ्ट, ग्रंटवर्क, एन्व्हझीरो, हार्नेस, स्केलर यांसारख्या कंपन्यांनी आधी जाहीरनामा काढून जुना परवाना परत आणण्याची मागणी केली. उत्तर आलं नाही, तेव्हा ऑगस्ट संपण्याआधीच मोझिला परवान्याखालचा कोड घेऊन त्यांनी वेगळी चूल मांडली. २० सप्टेंबरला तो प्रकल्प ओपनटोफू या नावाने लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची १.६ ही पहिली स्थिर आवृत्ती आली. एप्रिलमध्ये हॅशिकॉर्पच्या वकिलांचं पत्र आलं, की तुम्ही आमच्या नव्या परवान्याखालचा कोड उचलला आहे. ओपनटोफूने संबंधित कोडचा उगम जुन्या, मुक्त कोडमध्ये कसा आहे, हे जाहीरपणे मांडून आरोप नाकारला. त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या १.७ आवृत्तीत स्टेट फाइल कूटबद्ध करण्याची सोय होती. इतकी वर्षं रखडलेली मागणी वेगळी चूल मांडल्यावर काही महिन्यांत पुरी झाली.

त्याच एप्रिलमध्ये आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरना हॅशिकॉर्प विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. हाशिमोतो डिसेंबर २०२३ मध्येच कंपनीतून बाहेर पडला होता.

कुबरनेटीसची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. क्लस्टर उभा राहिल्यावर त्यातले कंटेनर चालवणारं हे साधन गूगलने जून २०१४ मध्ये खुलं केलं, टेराफॉर्मच्या महिनाभर आधी. जुलै २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली, तेव्हाच लिनक्स फाउंडेशनखाली नवी संस्था स्थापून गूगलने प्रकल्प तिच्या हवाली करायचं ठरवलं. पुढे नावावरचा हक्कही गूगलकडे राहिला नाही. त्यामुळे गूगलला उद्या वाटलं, तरी कुबरनेटीसच्या बाबतीत १० ऑगस्टची पुनरावृत्ती एकट्याने करता येणार नाही. दोन्ही साधनं एकाच वर्षातली, दोन्ही मुक्त परवान्यांची. फरक पडला तो मालकीने. म्हणून साधन निवडताना नुसता परवाना पाहणं पुरेसं नाही. नाव कोणाचं, कोड देणाऱ्याकडून कोणता करार घेतात आणि निर्णय कुठे होतात, हेही पाहिलं पाहिजे.

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. ते केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे आणि राज्यांना स्वीकारता येतं. कोड अभ्यासता, बदलता आणि वाटता यावा, अशी त्यातली कल्पना आहे. नवा टेराफॉर्म या कल्पनेत पूर्णपणे बसत नाही. निविदांच्या मसुद्यांत मात्र सवयीने तेच नाव लिहिलं जाण्याचा धोका आहे, कारण मसुदा लिहिणाऱ्याने ते २०२३ आधी शिकलेलं असतं.

मुंबई-पुण्यात क्लाउडचं काम करणाऱ्या इंजिनिअरांना माझी विनंती आहे. आपल्या यंत्रावर टेराफॉर्मची कोणती आवृत्ती आहे, ते आज पाहा. १.५.७ पर्यंतच्या आवृत्त्या मोझिला परवान्याखाली आहेत आणि तिथून ओपनटोफूकडे जाताना फाइली आणि स्टेट जवळजवळ तशाच चालतात. पुढच्या आवृत्त्यांवर असाल, तर आधी चाचणीच्या मांडणीवर प्लॅन चालवून फरक तपासा. पण पुढे ढकलू नका. दोन्ही साधनांत आता वेगवेगळ्या सोयी येत आहेत आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर त्यांच्यातलं अंतर वाढतं आहे.