आंबविलेला चहा आणि घरचें ताक

ठाणें व कल्याण-डोंबिवली येथील दुकानांत ‘कोंबुचा’ नांवाचें आंबट, फसफसणारें पेय अलीकडे बाटल्यांतून मिळूं लागलें आहे. पोटास हितकर असे जिवंत जंतु, म्हणजे प्रोबायोटिक, त्यांत असतात अशी त्याची ख्याति आहे. शहरांत शिकणारीं आपलीं मुलें तें घरीं आणतात, म्हणून त्याचा विचार करणें अवश्य वाटतें.

हें पेय मूळचें ईशान्य चीनमधील समजतात. साखर घातलेला चहा निववून त्यांत मागील खेपेचें आंबट पाणी व त्यावर धरलेली जाड साय घालतात, आणि फडक्यानें तोंड बांधून आठदहा दिवस ठेवितात. साखर लिटरास ६० ते ८० ग्रॅम. किण्वामुळें साखरेचा मद्यार्क होतो व दुसऱ्या जातीचे जंतु त्या मद्यार्काचें अम्ल करितात. ताडी शिळी होऊन तिचा शिरका व्हावा, तोच हा प्रकार. किनाऱ्याकडील वाचकांस तो नवा नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञांनीं २००१ सालीं ठरविलें कीं, जंतु जिवंत हवेत, पुरेशा संख्येनें पोटांत जावेत व त्यांपासून लाभ व्हावा. तरच त्यांस प्रोबायोटिक म्हणावें. कोंबुचांत भरणा शिरका करणाऱ्या जंतूंचा. दह्याच्या जातीचे कधीं सांपडतात, कधीं नाहीं. टिकण्यासाठीं बाटली तापविली असल्यास जिवंत कांहींच उरत नाहीं. माणसांवरील प्रयोगही थोडे व लहान आहेत. हा लाभ आज जमेस धरतां येणार नाहीं.

ताकांत दुग्धाम्लाचे जंतु विपुल असतात. पॅरिस येथील मेच्निकॉफ या शास्त्रज्ञानें १९०७ च्या सुमारास आंबट दुधाकडे जगाचें लक्ष वेधिलें, तें यामुळेंच. घरच्या विरजणांतील जंतूंची मोजदादही कोणी केलेली नसते हें खरें. पण त्यांत साखर नाहीं व किंमतही नाहीं. सारें दूध डेअरीस घालून त्या पैशांनीं बाटली आणणें हा मला तरी उलटा व्यवहार वाटतो. मुरबाड-शहापुराकडील नागलीची आंबील उत्तमच, मात्र रात्रीं आंबविलेलें पीठ सकाळीं शिजवितांच त्यांतील जंतु मरतात; म्हणून निवल्यावर ताजें ताक वरून घालावें.

ज्यांस चहा आंबवावयाचाच असेल त्यांनीं कांचेचें भांडें घ्यावें. तांब्यापितळेच्या भांड्यांत अम्लामुळें धातु उतरते. आयोवा प्रांतांत १९९५ सालीं असा चहा पिणाऱ्या दोन स्त्रिया अत्यवस्थ झाल्या व एक दगावली. दोष चहाचाच होता असें सिद्ध झालें नाहीं, तथापि गर्भिणी व अशक्त माणसें यांस तो देऊं नये.