देवासचं 'भानुकुल'

१९४७ मध्ये गायक कुमार गंधर्व आणि भानुमती यांचं लग्न झालं. क्षयानं कुमारांचं फुप्फुस पोखरलेलं. १९४८ मध्ये दोघं कोरड्या हवेसाठी माळव्यातल्या देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं, तेही जवळजवळ पाच वर्षं! या काळात घर चालवलं भानुमतींनी: शाळेत शिकवायचं, घरी येऊन शुश्रूषा करायची. स्वतः गाणाऱ्या बाईचं हे प्रेम मला कुठल्याही मैफलीइतकं मोठं वाटतं. अंथरुणावरच्या कुमारांच्या कानी माळव्याची लोकगीतं पडत राहिली, पुढे ती त्यांच्या गाण्यात उतरली. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मावेळी भानुमती गेल्या. १९६२ मध्ये वसुंधरा श्रीखंडे कुमारांशी लग्न करून घरात आल्या, गाण्यातही साथीला बसल्या. घराचं नाव मात्र 'भानुकुल'च राहिलं.