पंधरा पायऱ्या खाली: जॅझ क्लबमधली एक रात्र

आज जॅझबद्दल बोलू या. "आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा" असं म्हणून पुढचा भाग लावू नका, प्लीज. मलाही फार कळतं अशातला भाग नाही. पण एका रात्री थोडंसं कळलं, तेच सांगतो.

सुरुवात एका रेकॉर्डपासून. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लफॅरो, ड्रम्सवर पॉल मोशन. डेबी म्हणजे बिलची पुतणी. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या क्लबात दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठकी झाल्या आणि त्या रेकॉर्ड केल्या गेल्या. इअरफोन घालून नीट ऐकलंत, तर संगीताच्या मागे ग्लासांची किणकिण ऐकू येते. कुणी हसतंय, कुणी चक्क गप्पा मारतंय. कॉलेजात असल्यापासून मी कर्जत लोकलमध्ये हे ऐकत आलोय, आणि दर वेळी त्या लोकांचा मला राग यायचा. अरे, समोर काय चाललंय आणि तुम्ही बोलताय काय!

तर गेल्या वर्षी जर्सी सिटीत मामेभावाकडे गेलो, तेव्हा पहिलं काम केलं ते व्हॅनगार्डची दोन तिकिटं काढण्याचं.

ग्रीनविच व्हिलेज भागात सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर एक लाल दार आहे. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये क्लब सुरू केला. सुरुवातीला तिथे कविता आणि विनोदी कार्यक्रम असायचे, जॅझचा जोर नंतर आला. मॅक्स १९८९ मध्ये गेले, मग त्यांच्या पत्नी लॉरेन यांनी क्लब चालवला आणि आता त्यांची मुलगी बघते. दारातून पंधरा पायऱ्या उतरलं की तळघर. खोली त्रिकोणी, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, आणि निमुळत्या टोकाला छोटं स्टेज. माणसं मावतात फक्त १२३. आपल्याकडच्या एखाद्या लग्नात आहेर द्यायची रांग याहून मोठी असते! खायला काही मिळत नाही, फक्त ड्रिंक्स. तिथे 'किचन' म्हणतात ती जागा म्हणजे कलाकारांची बसायची खोली आणि ऑफिस.

सोमवारी इथे मोठा ऑर्केस्ट्रा वाजवतो. ही प्रथा १९६६ पासूनची. बाकी आठवडाभर बहुधा एकच ग्रुप असतो, रोज दोन बैठकी. आम्ही गेलो तेव्हा पियानो, बेस आणि ड्रम्स असं त्रिकूट होतं. आधी सूचना झाली: फोन बंद, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. मी पॉडकास्टसाठी पंधरा सेकंद तरी घ्यायचे ठरवलं होतं. निमूट फोन खिशात टाकला.

आता मुद्द्याचं. ऐकायचं काय?

आपल्या बैठकीत बंदिशीचा मुखडा येतो, मग विस्तार, ताना, आणि पुन्हा मुखडा. जॅझमध्येही साधारण तसंच असतं. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, तिला ते 'हेड' म्हणतात. ती बहुतेक वेळा ३२ किंवा १२ मात्राखंडांची असते. धून संपली, तरी तिच्या खाली असलेली स्वरसमूहांची साखळी संपत नाही. ती आवर्तनासारखी गोल फिरत राहते आणि तिच्यावर एकेक जण आपलं काहीतरी नवं, तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो. तो सोलो. शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात.

म्हणून नवख्या माणसाने एकच करावं: सुरुवातीची धून लक्षात ठेवायची आणि सोलो चालू असताना ती मनात गुणगुणत राहायची. मग कळतं की वाजवणारा धुनेपासून किती लांब गेलाय आणि परत कसा येतोय. समेवर येण्याची मजा तुम्हाला ठाऊक असेल, तर निम्मं काम झालंच. कधी कधी पियानो चार मात्राखंड वाजवतो आणि ड्रम्स चारात उत्तर देतात. आपला सवाल-जवाबच की!

जॅझचा आपल्या संगीताशी थेट संबंधही आलाय. नोव्हेंबर १९६१ मध्ये याच तळघरात जॉन कोलट्रेन यांनी 'इंडिया' नावाची रचना वाजवली आणि रेकॉर्ड केली. पुढे १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्यांनी पंडित रविशंकर यांच्यावरून रवी ठेवलं.

बरं, आमची रात्र. तिसरी रचना संथ होती. पियानोचा सोलो संपला, टाळ्या वाजल्या (प्रत्येक सोलोनंतर वाजवतात, 'क्या बात है' म्हणावं तशा) आणि बेसवाल्याची पाळी आली. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळातलं वाद्य. आवाज खर्जातला, हळू. पियानो थांबला, ड्रम्सवर नुसते ब्रश. मला वाटलं, जरा मध्यंतर झालं. मी भावाकडे वाकलो आणि कुजबुजलो, "शेवटची ट्रेन किती वाजता रे?"

शेजारच्या टेबलावरच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. आणि मग नजर पुन्हा स्टेजकडे.

कानशिलं तापली हो माझी! इतकी वर्षं ज्यांना शिव्या घातल्या, तोच मी. त्याच खोलीत.

मग गप्प बसून ऐकलं. बेसवाला दोन सुरांच्या मध्ये इतकी जागा सोडत होता, की पुढचा सूर येईपर्यंत श्वास रोखला जात होता. खोली एवढीशी असल्याने तारेवर घासणारं बोटसुद्धा ऐकू येत होतं. फोनने टिपला असता तर तो स्पीकरमधून नुसता घुमा आवाज आला असता.

परतताना ट्रेनमध्ये 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावलं. १९६१ च्या त्या रविवारनंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, स्कॉट लफॅरो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. बिल एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवू शकला नाही. म्हणजे त्या संध्याकाळी जे बोलत होते, त्यांच्यासमोर या तिघांचं शेवटचं रेकॉर्डिंग चाललं होतं. त्यांना ते कसं कळणार? त्यांच्यासाठी तो एक साधा रविवार होता. कुणीतरी बहुधा घरी कसं जायचं, तेच विचारत असेल.

आता मला त्या किणकिणीचा राग येत नाही. पण प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलो की एक करतो: सगळ्यात हळू आवाजाचं वाद्य एकटं वाजायला लागलं, की हातातलं सगळं खाली ठेवतो. न्यूयॉर्कला जायची गरज नाही. तुमच्या गावातल्या बैठकीतही हे करून बघा.

आणि आज घरी गेल्यावर ते रेकॉर्ड लावा. पहिल्यांदा फक्त पियानो ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त बेस. काय ऐकू आलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर ऐकत राहा!