पुस्तक मिटून करायचा अभ्यास

दिवाळी झाली, धान कापून बांधीतून खळ्यावर आले, की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस लागतात. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, गावोगावी रात्रभर नाटके चालतात. ज्या घरात दहावी-बारावीचे पोर असते, त्या घरातल्या आईला मात्र याच दिवसांत एक घोर लागलेला असतो. पोर संध्याकाळी पुस्तक घेऊन बसते, घडाघडा वाचते, आणि विचारले तर म्हणते, "आई, सारे वाचले, पण ध्यानात काही राहत नाही."

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, हे वाक्य तुम्ही आपल्या घरी ऐकले असेल. त्यावर बाप म्हणतो, "याच्या डोक्यात शिरतच नाही. नांगराला जुंपला तर निदान पोटापुरते कमावील." पण दोष बहुतेक वेळा डोक्याचा नसतो, अभ्यासाच्या रीतीचा असतो. ती रीत बदलायला पैसा लागत नाही. उलट तिच्यात वेळ कमी लागतो, आणि आपल्या घरी ज्याची खरी टंचाई आहे तो वेळच आहे.

ब्रह्मपुरी किंवा चंद्रपूरसारख्या गावातले पोर शाळेतून शिकवणीला जाते आणि शिकवणीतून घरी येऊन पुन्हा वाचायला बसते. कोरची, धानोरा, एटापल्ली, जिवती या भागातल्या पोराला शाळेतून आल्यावर ढोरे बांधायची असतात, पाणी आणायचे असते, धाकट्याला सांभाळायचे असते. त्याच्या हाताशी दोन तास उरले तरी पुष्कळ. ते दोन तास कसे वापरायचे, एवढाच प्रश्न आहे.

नट नक्कल कशी पाठ करतो?

वडसा म्हणजे आपल्या नाटकांचे माहेरघर. तिथल्या नटाला हंगामात एकामागून एक प्रयोग करायचे असतात. तो आपले भाषण कसे पाठ करतो? नुसते वहीत बघून शंभर वेळा वाचत नाही. दोनदा वाचतो, वही बाजूला ठेवतो आणि बोलून बघतो. अडला की वहीत डोकावतो, पुन्हा वही बंद. वही उघडी ठेवून वाचत बसला असता तर रात्री रंगमंचावर त्याची दातखीळ बसली असती.

परीक्षेतही पोरासमोर पुस्तक नसते, कोरा कागद असतो. मग अभ्यासात सारा वेळ पुस्तक उघडे ठेवून कसे चालेल? पोराने आठवण्याचा सराव केलेला नसतो, फक्त पाहण्याचा केलेला असतो. तोच धडा तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, आणि ओळखीचे वाटले म्हणजे आपल्याला येते अशी समजूत होते. गावातल्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारले तर सांगता येत नाही. तसेच हे.

ही केवळ आमची समजूत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार सत्रांत वाचून काढला. काहींनी एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे उतारा न पाहता, आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना शंभरात ४० भाग आठवला आणि लिहून पाहणाऱ्यांना ६१. आता आपले पोर म्हणते "काल तर येत होते", त्याचा उलगडा यात आहे. काल येत होते हे खरेच. परीक्षा मात्र काल नव्हती.

पाटी, पेन्सिल आणि भिंतीवरचे कॅलेंडर

दहावीचा भूगोल घ्या. त्यात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. समजा, आज ब्राझीलचे हवामान आहे. पोराने धडा एकदा नीट, समजून वाचावा. मग पुस्तक मिटून पाटीवर किंवा वहीच्या पाठकोऱ्या पानावर आठवेल ते लिहावे: उत्तरेला ॲमेझॉनचे खोरे, विषुववृत्त जवळ, वर्षभर पाऊस, दाट जंगल. ईशान्येकडे मात्र पाऊस कमी, त्या भागाला काय म्हणतात? आठवत नाही. थोडा वेळ डोके खाजवावे, लगेच पुस्तक उघडू नये. मग बघावे: अवर्षण चतुष्कोन. डोके खाजवून सापडलेला हा शब्द सहसा पुन्हा निसटत नाही.

एवढ्यावर धडा झाला असे समजू नये. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे, आठवड्याने पाच मिनिटे आणि महिन्याने पुन्हा पाच मिनिटे तोच धडा पुस्तक न उघडता लिहून पाहावा. माणूस शिकलेले किती लवकर विसरतो, याचा हिशेब हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच मांडला होता. विसरणे हा आजार नाही, स्वभाव आहे. त्यावर उपाय म्हणजे विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा आठवणे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या तारखेला ज्या धड्याची पाळी, त्याचे नाव लिहून ठेवले की झाले. धानाला एकदाच गुडघाभर पाणी देऊन कोणी महिनाभर स्वस्थ बसत नाही.

गणिताचे तर वाचन होतच नाही. सोडवलेले उदाहरण हाताने झाकावे, स्वतः सोडवावे आणि मग ताडून पाहावे. जिथे चूक झाली ते उदाहरण तीन दिवसांनी पुन्हा. जानेवारी लागला की दर रविवारी मागल्या वर्षांची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, मध्ये न उठता लिहावी. पुष्कळ पोरांना उत्तरे येतात, पण हाताला लिहिण्याची सवय नसते आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात.

बाजारात मिळणाऱ्या 'अपेक्षित' प्रश्नांच्या पुस्तकांबद्दल आमचे मत चांगले नाही. सरावाला वापरा, हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर बालभारतीचे पाठ्यपुस्तक बाजूला पडता कामा नये. मोबाइलवर धडा पाहण्याचेही तसेच. सांगणारे गुरुजी छान सांगतात, पोराला सगळे कळल्यासारखे वाटते. बघून झाल्यावर मोबाइल आईच्या हाती द्यावा आणि काय कळले ते लिहून काढावे. लिहिता आले तरच कळले.

न शिकलेली आईसुद्धा परीक्षा घेऊ शकते

"आम्हाला अक्षर येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?" असे तुम्ही म्हणाल. पण पोराला समोर बसवून "आज काय शिकला ते मला सांग" एवढे म्हणायला अक्षर लागत नाही. तांदूळ निवडता निवडता ऐकावे. पोर अडखळले की तुम्हाला कळतेच. "असे का होते?" एवढा एक प्रश्न मधून मधून विचारावा. आईला समजेल असे सांगायचे तर पोराला आधी स्वतःला समजावे लागते.

आणि हे सांगणे घरच्या बोलीत होऊ द्या. माडिया, गोंडी, झाडीबोली, जी असेल ती. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची गोष्ट इथे आठवते. बाबा आमटे यांनी तो प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू केला आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले. १९७६ साली तिथे शाळा निघाली. पोरांना मराठी येत नव्हते आणि पुस्तके तर मराठीत. तेव्हा कार्यकर्त्यांनीच आधी माडिया शिकून घेतली. घरच्या बोलीला तुच्छ मानले असते तर ती शाळा उभी राहिली नसती. त्या शाळेतून शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर झाली, शिक्षक झाली. म्हणून पोराने विज्ञानाचा धडा आधी माडियात समजावून सांगितला तर हसू नका. अर्थ घरच्या बोलीत पक्का करावा. मग तोच मजकूर पुस्तकी मराठीत लिहून काढावा, कारण पेपर तपासणाऱ्यापर्यंत लिहिलेलेच पोचते. यातली दुसरी पायरी मात्र चुकवू नका.

गावात दहावीची चार पोरे असतील तर त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना प्रश्न विचारावेत. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा आपल्याला ठाऊक आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण त्या गावाने कायदा काही एका रात्रीत समजून घेतला नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावकरी वर्षानुवर्षे अभ्यासगटात बसले, प्रश्न विचारले, वाद घातले, आणि मग ग्रामसभेत निर्णय केले. मोठ्यांना जे जमले ते पोरांना का जमू नये? बसायला जागा नसेल तर समाजमंदिर आहे, शाळेचा व्हरांडा आहे. गडचिरोली पोलिसांच्या 'एक गाव, एक वाचनालय' उपक्रमातून दुर्गम भागात वाचनालयेही उघडली आहेत. जवळ असेल तर पोरे तिथे जातात की नाही, एकदा चौकशी करा.

दोन तास कोणी द्यायचे?

इथे आता तुमची पाळी. वरचे सगळे करायला पोराला रोज दोन सलग तास हवेत, आणि ते घरानेच द्यायचे आहेत. "बाबू, जरा बैल पाहून ये," "पोरी, चूल पेटव," असे दर दहा मिनिटांनी उठवले तर ते दोन तास नव्हेत. घरातल्या सगळ्यांनी मिळून वेळ ठरवावी आणि त्या वेळात घराला आग लागल्याखेरीज हाक मारू नये.

मुलीच्या बाबतीत हे जास्त सांगावे लागते. मुलगा अभ्यासाला बसला की घर दबक्या आवाजात बोलते. मुलगी बसली की तिच्या मांडीवर धाकटे भावंड येऊन पडते. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलगी नववीपर्यंत वर्गात पुढे होती. दहावीच्या वर्षी आईला बरे नव्हते, तेव्हा स्वयंपाक तिच्याकडे आला आणि मग तिच्याकडेच राहिला, आई बरी झाली तरी. गणितात गेली. "तिला झेपत नव्हते," असे बाप सांगत होता. तिला काय झेपत होते ते त्याने कधी मोजले नाही.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि दहावीचे पेपर मार्चच्या मध्यापर्यंत चालतात. त्याच सुमारास मोहफूल पडू लागते. मोहफुलाचा पैसा लहान नाही, हे आम्ही जाणतो. उन्हाळ्याचा किराणा त्यावर असतो. तरी पेपर संपेपर्यंत परीक्षेच्या पोराला पहाटे टोपली देऊन रानात पाठवू नका. जंगलात वाघ-अस्वलाचे भय आहे ते आहेच. शिवाय पहाटे तीनला उठलेले पोर अकरा वाजता पेपरात डुलक्या घेते. दिवसा शिकलेले झोपेतच पक्के होते, म्हणून या दिवसांत सात-आठ तास झोप पाहिजेच. पहाटे उठून वाचायची सवय असेल तर घरात, दार लावून वाचू द्या, अंगणात दिव्याखाली एकटे बसवू नका. मच्छरदाणीचा कंटाळा करू नका. ताप आला तर अंगारा-गंडा करीत न बसता त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आपला भाग हिवतापाचा आहे. पोराला सिकलसेल असेल तर पाण्याची बाटली सोबत हवी, जागरण नको. त्याच्या सवलतींबद्दल मुख्याध्यापकांना परीक्षेच्या पुष्कळ आधी भेटा.

केंद्र दूरच्या गावी असेल तर आदल्या आठवड्यात एकदा जाऊन रस्ता आणि एस.टी.ची वेळ पाहून या, किंवा नातेवाइकाकडे उतरण्याचे आधीच विचारून ठेवा. पेपर अकराचा असला तरी अर्धा तास आधी केंद्रावर पोचायचे असते. २०२३ पासून मंडळाने पेपराच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत, ती उत्तरे तपासायला वापरावीत. सकाळी वरण-भात किंवा पेज, नेहमीचे तेच खाऊ घाला. आणि केंद्राच्या खिडकीखाली चिठ्ठ्या घेऊन उभे राहणाऱ्या काकामामांना घरीच थांबवा. पकडले गेल्यास शिक्षा पोराला होतेच, आणि काकालाही होऊ शकते.

निकाल मनासारखा लागला नाही तर? दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते, आणि शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. म्हणून मुलीचा एक विषय राहिला की लगेच पाहुणे बघायला बोलावू नका. निकालाच्याच आठवड्यात शाळेत जाऊन पुरवणीचा अर्ज भरा. ती परीक्षा नेमकी पऱ्हे-रोवण्याच्या घाईत येते. त्या पेपरांच्या दिवसांसाठी रोवण्याला एक बाई जास्तीची आताच सांगून ठेवा.