व्यसन सुटल्यावर राहायचं कुठे?

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते नागझिऱ्याच्या प्रवेशद्वारामुळे. वाघ पाहायला आलेल्या जिप्सी इथून जंगलात शिरतात. गावाला तलाव आहे, धानाच्या बांध्या आहेत आणि त्यापलीकडे जंगल. १९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, २०१३च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच तालुक्यात तिरोड्याजवळ ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. म्हणजे या भागात काम अजिबातच नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण इथल्या कामाला ऋतू असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास धानकापणी. पावसाळ्यात सफारी बंद, तेव्हा तिच्यावरची कमाईही बंद. ठेकेदाराकडची हजेरी काम असेल तोवर. उरलेल्या दिवसांसाठी नागपूर किंवा हैदराबाद. कर्जाच्या हप्त्याला, ज्याला इकडे सगळे ‘किस्त’ म्हणतात, असा कुठलाही ऋतू नसतो. ती दर आठवड्याला किंवा महिन्याला येतेच.

अशा भागातला एखादा माणूस दारू सोडतो. त्याच्या हाताला काम आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि शरीर नुकतंच सावरतंय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, समुपदेशकाने मित्र बदलायला सांगितलं. पण आज रात्री त्याने झोपायचं कुठे, आणि पुढचं वर्षभर त्याचा पत्ता काय असेल, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. उपचारातला हा भाग आपण पूर्णपणे घरच्यांवर सोडून दिला आहे आणि पुष्कळदा सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

मुळात उपचारापर्यंत पोचणारेच थोडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि साधारण ५ कोटी ७० लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. ज्याने हे दार गाठलं त्याने आधीच मोठा पल्ला पार केलेला असतो. म्हणूनच तो परत फिरला तर जास्त वाईट वाटतं.

माणूस परत का फिरतो, याचं एक उत्तर व्हिएतनाम युद्धातून आलं. तिथे लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचवा हिस्सा हेरॉईनसारख्या मादक द्रव्यांच्या आहारी गेला होता. हे सगळे मायदेशी परतले की हाहाकार उडेल अशी सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधिकेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परतलेल्या सैनिकांचा माग काढला, तेव्हा व्यसनाधीन झालेल्यांपैकी जेमतेम पाच टक्के पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकल्याचं दिसलं. या निष्कर्षावर बरीच वर्षं वाद झाले. युद्ध संपणं ही काही साधी गोष्ट नव्हे, आणि हेरॉईन व दारू यांत फरक आहेच. तरी एक गोष्ट उरतेच. ज्या जागी, ज्या सोबत्यांबरोबर आणि ज्या भीतीपोटी ते नशा करत होते, ते सगळं मागे राहिलं होतं.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. माणूस दूर कुठेतरी जाऊन कोरडा होतो आणि मग ज्या गल्लीत पीत होता त्याच गल्लीत परततो.

गावात त्याला घर असतं, हे खरं. पण ते घर नुसतं छप्पर नसतं. घरात वडील असतात, वेगळी चूल मांडलेला भाऊ असतो, वर्षानुवर्षं सोसलेली बायको असते. कुणाच्या तरी लग्नासाठी साठवलेले पैसे त्याने उडवलेले असतात. मोहाची दारू बाहेरून आणावी लागत नाही, ती शेजारीच गळते. हजेरीचे पैसे हातात पडले की जुने सोबती हाक मारतात, आणि नाही म्हटलं तर ‘मोठा साधू झाला’ हे ऐकावं लागतं.

शहरात जावं तर काम मिळतं, खोली अवघड. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बाहेरगावचे मजूर एका खोलीत चार-सहा जण राहतात. भाडं परवडण्याचा तेवढाच मार्ग असतो. त्यातले दोघे संध्याकाळी बाटली आणत असतील, तर दारू सोडलेल्याने जायचं कुठे? एकट्याने खोली घ्यायची म्हणजे डिपॉझिट हवं, आणि डिपॉझिटचे पैसे किस्तीत गेलेले असतात. ठेकेदाराच्या छावणीत राहिलं तर काम सुटलं की निवाराही सुटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी असणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मजुरांच्या खोल्यांत हा कागद क्वचितच दिसतो. कागद नाही म्हणजे उद्या ‘खोली खाली कर’ म्हटल्यावर दाखवायला काही नाही.

कर्ज आणि घर यांचा संबंध तर फारच गुंतागुंतीचा आहे. नवरा पीत असतो तेव्हा कर्ज बहुधा बायकोच्या नावावर निघतं, कारण छोट्या फायनान्स कंपन्या बायकांच्या गटाला कर्ज देतात आणि एकीने चुकवलं तर बाकीच्यांवर दबाव येतो. मग वसुलीवाला दारात येऊन बसतो आणि शेजारणी त्याच्यासोबत येतात. नुकत्याच दारू सोडलेल्या माणसासाठी तो दिवस सगळ्यात धोक्याचा. अपमान झाला की पाय कुठे वळतात, हे घरच्यांना पाठ असतं.

इथे काही नियम घराघरांत माहीत व्हायला हवेत. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मवित्तासाठीचे निर्देश १ एप्रिल २०२२पासून लागू आहेत. त्यानुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं असं कर्ज विनातारण असतं, आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुली कर्जदार आणि कंपनी या दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा आला नाही, तरच घरी जाता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. ‘घराला टाळं ठोकतो’ ही धमकी गावोगावी ऐकू येते. विनातारण कर्जात तिला काहीही आधार नाही.

याहूनही जुनं एक संरक्षण आहे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकरी, मजूर किंवा घरगुती नोकर यांच्या मालकीचं आणि ते स्वतः राहत असलेलं घर कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्त करता येत नाही. मजुराची मजुरीसुद्धा नाही. अर्थात त्याने घरच गहाण ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून जुनं कर्ज फेडण्यासाठी घर गहाण टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. हातात असलेलं एकमेव कवच त्यातून जातं.

खासगी सावकारासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. विनातारण कर्जावर वर्षाला शेतकऱ्यासाठी १२ आणि इतरांसाठी १८ टक्के व्याजाची मर्यादा ठरलेली आहे. महिन्याला शेकडा पाच किंवा दहा दराने पैसे उचललेल्या माणसाने हे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत. अर्ज लिहायला वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७च्या कायद्याने मोफत कायदेशीर मदत आहे.

एका बाबतीत मात्र कायदा अर्ध्यावर थांबला आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब कर्जदारासाठी ‘नव्याने सुरुवात’ करण्याची तरतूद लिहिलेली आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत. त्यातही स्वतःचं राहतं घर असता कामा नये, अशी अट आहे. सामान्य माणसांसाठीचा तो भाग अमलात आणलेलाच नाही, आणि आला तरी गावात मोडकंतोडकं घर असलेला मजूर त्यातून वगळला जाईल.

घरकुलाचा रस्ता त्यामानाने खुला आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६मध्ये सुरू झाली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगरी, दुर्गम व नक्षलप्रभावित जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई या राज्याच्या योजना आहेत. पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे बँक खात्यात जमा होतात. ज्या घरात दारू आणि देणेकरी दोन्ही आहेत तिथे पहिला हप्ता भलतीकडे जातो, घर जोत्यावर अडतं आणि पुढचे हप्ते थांबतात. म्हणून या योजनेत घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर करण्याचा जो नियम आहे, तो फार मोलाचा आहे. खातंही बायकोचं किंवा दोघांचं असलं तर बरं. दारू सोडलेल्या नवऱ्याला यात कमीपणा वाटू नये. पहिल्या वर्षी हातात रोख कमी असणं हे त्याच्याच भल्याचं आहे.

बायकोचा विषय निघाला की पुण्याच्या ‘मुक्तांगण’ची आठवण होते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते येरवड्याला सुरू केलं. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. पण संस्थेला लवकरच उमगलं की घरची माणसंही आजारलेली असतात. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. पस्तीस दिवसांनी परतणाऱ्या माणसाला ज्या घरात राहायचं आहे, त्या घराचीही अशी तयारी करावी लागते. बायको रोज खिसे तपासत असेल, किंवा उलट काहीच न बोलता सगळं गिळत असेल, तर दोघांनाही त्या घरात श्वास घेणं कठीण जातं.

आणि ज्याला असं घरच नाही, त्याने काय करावं? अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९७५ साली काही व्यसनमुक्त माणसांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. ते राहत होते तो आश्रयगृहाचा वाडा बंद होणार होता. पॉल मलॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी तोच वाडा स्वतः भाड्याने घेतला आणि ‘ऑक्सफर्ड हाउस’ जन्माला आलं. व्यवस्थापक नाही, डॉक्टर नाही. सगळे कमावतात, भाडं वाटून घेतात, कारभार मतदानाने चालतो. पिऊन आला त्याला बाहेर जावं लागतं. किती दिवस राहायचं याला मर्यादा नाही. पुढे अशी हजारो घरं झाली. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लिओनार्ड जेसन यांनी उपचार संपवून निघालेल्या दीडशे जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना अशा घरांत पाठवलं, निम्म्यांना नेहमीसारखं सोडलं. दोन वर्षांनी घरांत गेलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा नशेकडे वळले होते, इतरांपैकी जवळपास ६५ टक्के. घरांत गेलेल्यांची महिन्याची कमाईही दुपटीपेक्षा जास्त होती. औषध तेच, माणसंही तशीच. फरक होता तो राहण्याच्या जागेत आणि सोबतीत.

पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीने याच प्रश्नाचं वेगळं उत्तर शोधलं आहे: माणसाला हलवण्यापेक्षा गल्लीच कोरडी करायची. शेजारच्या गडचिरोलीत लोकआंदोलनानंतर १९९३मध्ये दारूबंदी झाली. नुसत्या बंदीने भागत नाही हे दिसल्यावर २०१६मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ सुरू झालं, ज्यात गावच्या संघटना, बेकायदा विक्रीवर दबाव आणि तालुक्यात उपचार एकत्र चालतात. गोंदियात दारूबंदी नाही. तरी निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं तर परवानाधारक दुकान बंद करता येतं. घराघरांत गळणाऱ्या मोहाच्या दारूला हे मतदान लागू होत नाही. तिथे दारूबंदी कायदा आणि पोलीस, किंवा त्याआधी गावाचा धाक. एक सावधगिरी मात्र हवी. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. सोडण्याआधी डॉक्टर गाठावा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

ही दोन्ही उत्तरं एकमेकांना मारक नाहीत. चोरखमाऱ्यासारख्या गावात कुटुंब आणि गल्ली सांभाळावी लागेल. तिरोड्यात, गोंदियात, बुटीबोरीत कमावत्या माणसांचं एकत्र घर लागेल. अमेरिकेने १९८८च्या कायद्याने राज्यांना एक छोटा निधी ठेवायला लावला. सहा किंवा अधिक जण एकत्र आले की घर सुरू करायला त्यातून चार हजार डॉलरपर्यंत उसने मिळत, दोन वर्षांत फेडायचे, आणि तेच पैसे पुढच्या घराला जात. ही पद्धत आपल्या बायकांना शिकवावी लागणार नाही. राज्याच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांना मिळणारा फिरता निधी याच धर्तीवर चालतो. गोंदियाच्या ग्रामसंघांनी, एखाद्या कामगार संघटनेने किंवा व्यसनमुक्ती केंद्राने तसाच निधी खोलीच्या डिपॉझिटसाठी उभा केला, तर नवी इमारत बांधावी लागणार नाही. भाड्याच्या तीन खोल्या, नोंदवलेला करार आणि भाड्याचा हिशेब ठेवायला एक वही एवढ्यावर तिरोड्यातली पहिली सहा माणसं राहायला येऊ शकतात.