बिअर्डेड ड्रॅगनला किडे कोणते द्यावेत?

मी परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकले आणि नोकरीत बराच काळ खाद्यपदार्थांची पोषणमूल्यं तपासण्यात घालवला. त्यामुळे इथे मेलबर्नमध्ये लेकीने बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा हट्ट धरला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, हा खातो काय? दुकानदार म्हणाला, ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं.

हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला, कोरड्या प्रदेशातला. शेपटीसकट दीड-दोन फुटांचा. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, ती काळी पडते आणि दाढीसारखी दिसते. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकाला, मिल्ड्युराच्या बाजूला, तो रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबांवर ऊन खात बसलेला आढळतो. त्याला तिथून उचलून आणता येत नाही. पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्यावा लागतो आणि त्यासाठी सरकारी परवानाही काढावा लागतो.

रानात तो काय खातो, याचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. रानातल्या ड्रॅगनांच्या पोटातलं अन्न तपासलं, तर त्यात निम्म्याहून जास्त भरली पंखवाली वाळवी. पावसानंतर वारुळातून थवे बाहेर पडतात, तीच. बाकी भुंगेरे, अळ्या, थोडा पाला. एकच किडा वर्षभर, असं रानात घडत नाही. मिळेल ते आणि मिळेल तेव्हा, हा त्याचा आहार. घरात मात्र आपण देऊ तेवढंच त्याला मिळतं, म्हणून निवड जबाबदारीने करायची.

सगळ्यात मोठी अडचण आहे कॅल्शियमची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अन्नात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त हवं. दीडपट ते दुप्पट असलं तर उत्तम. किलोभर रातकिड्यांत कॅल्शियम असतं साधारण 400 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 3000 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे हिशेब अगदी उलटा. मीलवर्म नावाच्या अळ्यांचं गणित याहूनही वाईट. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला थरथर सुटते. वाढीच्या वयात हे फार झपाट्याने होतं, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

म्हणून किड्याकडे मी डबा म्हणून बघते. डबा कोणता, याच्याइतकंच त्यात काय भरलंय हेही महत्त्वाचं. दुकानातून आणलेले किडे बहुधा उपाशी असतात. त्यांना एक-दोन दिवस पालेभाजी, गाजर, भोपळा आणि कॅल्शियम घातलेलं खास खाद्य द्यायचं. नुसत्या गाजराने कॅरोटीन आणि पाणी मिळतं, कॅल्शियम नाही. मग द्यायच्या क्षणी त्यांना कॅल्शियम कार्बोनेटची पूड लावायची. पूड लावून किडे तसेच ठेवले तर ते अंग साफ करतात आणि पूड झडून जाते. याच्या जोडीला पिंजऱ्यात अतिनील किरणांची नळी हवीच. त्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. नळी उजेड देत राहते, पण तिचे अतिनील किरण महिन्यांगणिक घटतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी.

आता किडे. रातकिड्यांत प्रथिनं चांगली, चरबी कमी, आणि ते पळतात म्हणून ड्रॅगनलाही व्यायाम होतो. पण ते रात्रभर किरकिरतात, वास मारतात आणि पटापट मरतात. न खाल्लेले पिंजऱ्यात राहिले तर रात्री झोपलेल्या ड्रॅगनलाच चावतात; उरलेले वेचून काढावेत. माझी पसंती इथे ‘वूडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या करड्या झुरळांना. आवाज नाही, वास कमी, अंगात मांस भरपूर. एकच पथ्य, ती काचेवर सहज चढतात, तेव्हा डब्याच्या कडेला आतून व्हॅसलीनचा पट्टा ओढायचा. अमेरिकेत लोक ‘डुबिया’ झुरळं वापरतात. ती ऑस्ट्रेलियात आणता येत नाहीत.

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांचं मला विशेष कौतुक आहे. किड्यांपैकी कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असलेलं हे जवळपास एकमेव खाद्य. कधी कधी मात्र त्या न चावता गिळल्या जातात आणि तशाच बाहेर पडतात. रेशीमअळ्या तर मला घरच्याच वाटतात, कारण जालना-बीडकडे तुतीच्या पाल्यावर त्या वाढवलेल्या मी पाहिल्यात. त्या मऊ असतात, त्यांत पाणी भरपूर आणि चरबी नावाला. आजारातून उठलेल्या प्राण्याला द्यायला उत्तम. सुपरवर्म चरबीचे, अधूनमधून चालतील. वॅक्सवर्ममध्ये जवळपास चौथा हिस्सा चरबी असते. त्यांची चटक लागली की ड्रॅगन दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, म्हणून ते मी घरात आणतच नाही.

वयाचंही भान हवं. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा किडे लागतात. वर्ष उलटलं की आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, रोजच्या ताटात पालेभाजी. मोठ्यालाही पिल्लासारखंच भरवत राहिलं तर यकृतावर चरबी चढते. आणि कोणताही किडा ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

बागेतले किडे फुकट मिळतात, पण त्यांच्यावर कोणी काय फवारलंय हे कळत नाही; शिवाय जंतांची भीती. न्यू जर्सीत माझा भाचाही हाच सरडा पाळतो. त्याला मी दर उन्हाळ्यात बजावते, तेच तुम्हालाही सांगते. तिथे जूनच्या संध्याकाळी हिरवळीवर काजवे उडतात आणि मुलं ते पकडून आणतात. त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर घाला घालणारं विष असतं. ऑस्ट्रेलियाच्या या सरड्याला ते ओळखता येत नाही, तो झडप घालतो. एक काजवासुद्धा त्याचा जीव घेऊ शकतो. घरात ड्रॅगन असेल तर मुलांना हे आजच सांगून ठेवा.