रक्तातील तांबे आणि यकृतातील साठा

रक्ताच्या अहवालात तांबे ठरलेल्या मर्यादेत आले की गाईला तांब्याची कमतरता नाही, हा समज रायपूर परिसरातील पशुपालकांत, आणि खेदाची बाब म्हणजे काही जाणकारांतही, इतका पक्का बसला आहे की कितीदा खोडला तरी तो पुन्हा पुढे येतो. वस्तुस्थिती अशी आहे की जनावराच्या शरीरातील तांब्याचे कोठार यकृत हे असून, चाऱ्यातून तांबे अपुरे मिळू लागले की यकृत आपला साठा रक्तात सोडत राहते आणि तो जवळजवळ संपेपर्यंत रक्तद्रवातील पातळी फारशी ढळत नाही. त्यामुळे रक्तद्रवात लिटरमागे सुमारे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी तांबे आढळणे ही कमतरतेची उशिरा दिसणारी खूण ठरते. त्याहून अधिक आढळणे ही मात्र साठा भरलेला असल्याची हमी मुळीच नव्हे.

त्यातही रक्तद्रवातील बहुतांश तांबे सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला बांधलेले असते आणि शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असताना हे प्रथिन वाढते, म्हणून कासदाह झालेल्या गाईचे रक्त तपासून ‘तांबे उत्तम’ असा निर्वाळा देणे म्हणजे आजाराच्या खुणेलाच आरोग्य समजणे होय. खरा साठा पाहायचा तर पशुवैद्याने उजव्या बाजूच्या बरगड्यांमधील जागा बधिर करून जाड सुईने काढलेला, अथवा मेलेल्या जनावराचा, यकृताचा तुकडा तपासावा लागतो; त्याच्या शुष्क वजनात किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी तांबे असल्यास कमतरता मानली जाते. आकड्यांवरही शंका असल्यास कळपातील निम्म्या जनावरांना तांबे देऊन उरलेल्यांशी त्यांची वाढ आणि प्रकृती ताडून पाहावी. नेव्हिल सटल यांनी ‘मिनरल न्यूट्रिशन ऑफ लाइव्हस्टॉक’ (चौथी आवृत्ती, २०१०) या ग्रंथात अशा प्रतिसादालाच निदानाची अखेरची कसोटी मानले आहे.

‘चाऱ्यात तांबे आहे, मग कमतरता कशी?’ हा प्रश्नही अपुरा आहे, कारण चाऱ्यातील मॉलिब्डेनम आणि गंधक कोटीपोटात एकत्र येऊन थायोमॉलिब्डेट नावाची संयुगे तयार करतात, जी तांब्याला असे जखडतात की ते आतड्यातून शोषलेच जात नाही. तांबे मॉलिब्डेनमच्या दुपटीहून कमी भरले तर धोका स्पष्ट असतो. पाणी साचलेल्या धानखाचरात लोह विरघळते, आणि चाऱ्यापाण्यातून व चिखलातून पोटात गेलेले जादा लोहही तांब्याच्या आड येते. म्हणून पैऱ्यावर, म्हणजे भाताच्या तणसावर, पोसलेल्या कळपात चारा, पाणी आणि माती एकत्र तपासल्याविना केवळ तांब्याच्या आकड्यावर बोलणे व्यर्थ आहे.

डोळ्यांभोवतीचे केस फिके पडणे ही ओळखीची खूण खरी, पण जंत, उपासमार आणि ऊन यांनीही केसांचा रंग उडतो, आणि फिकट लाल व पांढुरक्या कोसली जातीच्या गाईंत ती मुळात ओळखणेच कठीण. हाडे चघळणे हे तांब्याच्या नव्हे, बहुधा स्फुरदाच्या कमतरतेचे लक्षण असते. साध्या मिठाच्या ढेकळाने तांब्याची भरपाई होत नाही. ‘जास्त दिले तर काय बिघडते’ हा समज सर्वांत घातक, कारण जादा तांबे यकृतात महिनोन्‌महिने साचते आणि एखाद्या ताणाच्या प्रसंगी एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते. मेंढ्या तर गाईसाठीच्या खनिज मिश्रणानेही दगावू शकतात, म्हणून एकाच गोठ्यात दोन्ही असतील तर त्यांच्या गव्हाणी वेगळ्याच असाव्यात.